कीचक मेला, विराटाचे काय?

मराठी नाट्यवाङ्मयाच्या इतिहासात कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवध' या गद्यनाटकाची नोंद बहुधा एकाच ओळीत होते. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे भारतमाता, कंकभट म्हणजे मवाळ पक्ष, बल्लव म्हणजे जहाल पक्ष. आणि म्हणून १९१० साली सरकारची बंदी. शालेय पुस्तकांतून आलेली ही ओळ आपल्यापैकी अनेकांच्या तोंडी आहे. ती खोटी नाही. परंतु रूपकाची किल्ली एकदा हाती आली की वाचकाला नाटक संपल्यासारखे वाटू लागते, आणि 'कीचकवधा'च्या बाबतीत गेली शंभर वर्षे तसेच घडत आले आहे, असे आमचे मत आहे. कर्झन १९०५ च्या अखेरीस विलायतेस परत गेले. नाटक रंगभूमीवर आले ते १९०७ साली. केवळ गेलेल्या व्हाइसरॉयवर राग काढणे एवढाच नाटकाचा हेतू असता, तर त्या रागाबरोबर नाटकही विस्मृतीत गेले असते.

या लेखात आम्हांला दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. 'कीचकवधा'तील खरा विचारणीय पुरुष कीचक नसून विराट आहे, ही पहिली. ती नीट उमगण्यासाठी त्याच काळातील झारशाही रशियाचे उदाहरण फार उपयोगी पडते. नाटकाचे सामर्थ्य आणि त्याची उणीव या दोन्ही विराटापाशीच येऊन ठेपतात, आणि ती उणीव खुद्द खाडिलकरांनीच दोन वर्षांनी 'भाऊबंदकी'त भरून काढली, ही दुसरी.

प्रथम मूळ कथा आठवू. अज्ञातवासातले पांडव विराटाच्या घरी चाकरीस आहेत. राणी सुदेष्णेचा भाऊ आणि राज्याचा सेनापती कीचक सैरंध्रीवर डोळा ठेवतो. त्याच्या घरून जीव घेऊन पळालेली सैरंध्री राजसभेत येते, आणि कीचक तिला भर सभेत, राजाच्या देखत, लाथ मारतो. येथे व्यासांनी विराटाच्या तोंडी जे उत्तर घातले आहे ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तुमचा तंटा आमच्या पाठीमागे झाला, त्याचे खरेखोटे आम्हांस ठाऊक नाही, तेव्हा निवाडा कसा करावा, अशा अर्थाचे ते उत्तर आहे. लाथ त्याच्या डोळ्यांदेखत बसली आहे. परंतु त्याला चौकशीची कागदपत्रे हवी आहेत! विराट क्रूर नाही. सैरंध्रीविषयी त्याच्या मनात वाईटही नाही. मात्र त्याचे सिंहासन कीचकाच्या तलवारीवर टेकलेले आहे, आणि हे त्याला, कीचकाला व सभेला, सर्वांना ठाऊक आहे.

खाडिलकरांनीही विराटाला दुष्ट रंगविलेले नाही, आणि येथेच त्यांची राजकीय समज दिसून येते. रूपक सोडविणारे विराटाच्या जागी विलायतेतील सरकार किंवा ब्रिटिश जनता बसवितात. आमच्या मते विराट ही व्यक्तीही नव्हे आणि एखादे विशिष्ट सरकारही नव्हे. विराट ही एक अवस्था आहे. ज्या सत्तेला सुधारणा करण्याची इच्छा आहे, पण आपल्या हातची निरंकुशता सोडण्याची तयारी नाही, तिची ही अवस्था. तिला एका हाताने द्यावे लागते आणि दुसऱ्या हाताने दडपावे लागते. आणि दडपणारा हात नेहमी कीचकाचा असतो.

या अवस्थेचे सर्वांत मोठे उदाहरण खाडिलकरांच्या पिढीसमोर वर्तमानपत्रांतून रोज येत होते. १९०५ साली जपानने रशियाला हरविले. त्याच वर्षीच्या जानेवारीत सेंट पीटर्सबर्गमध्ये अर्ज घेऊन झारच्या राजवाड्याकडे निघालेल्या निःशस्त्र मजुरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ऑक्टोबरात संपाने सारा देश थांबला, आणि झार निकोलस दुसरे यांना नागरी स्वातंत्र्य व निवडलेली ड्यूमा देण्याचा जाहीरनामा काढावा लागला. त्याच ऑक्टोबरात इकडे बंगालची फाळणी अंमलात आली. या दोन बातम्या एकाच महिन्यात वाचणाऱ्या मराठी वाचकाने त्यांचा मेळ घातला नसता तरच नवल! टिळकांच्या १९०८ च्या अग्रलेखांत रशियाचे दाखले येतात. पांडुरंग महादेव बापटांनी पॅरिसमधील रशियन क्रांतिकारकांकडून बाँबच्या कृतीची पुस्तिका मिळविली. उलट दिशेनेही लक्ष होते. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, त्याची दखल परदेशात असलेल्या लेनिन यांनी त्याच वर्षी आपल्या लेखात घेतली.

परंतु १९०५ हे रशियाच्या कथेचे शेवटचे पान आहे. तिची सुरुवात झार अलेक्झांडर दुसरे यांच्यापासून होते. या झारने १८६१ साली कोट्यवधी भूदासांना मुक्त केले. १८६४ साली स्थानिक स्वराज्याच्या संस्था स्थापन केल्या. त्याच वर्षी न्यायखाते प्रशासनापासून वेगळे केले, खुली न्यायालये, वकील आणि ज्यूरी यांची व्यवस्था आणली. निरंकुश सत्तेने आपखुशीने केलेल्या सुधारणांत याहून मोठ्या सुधारणा क्वचितच सापडतील. मग या सुधारणा टिकल्या का नाहीत?

एका खटल्याची हकीकत पुरेशी आहे. पीटर्सबर्गचे गव्हर्नर ट्रेपोव्ह यांनी एका राजकीय कैद्याला फटके मारविले. कायद्याने ते गैर होते; पण दाद कोठेच लागली नाही. १८७८ च्या जानेवारीत व्हेरा झासुलिच या तरुणीने ट्रेपोव्ह यांच्यावर गोळी झाडली. गोळी झाडल्याचे तिने नाकारले नाही. न्यायाधीश कोनी यांच्यावर सरकारचे दडपण होते, तरी त्यांनी खटला नियमाने चालविला आणि ज्यूरीने तिला निर्दोष ठरविले. सरकारने यावर काय केले? गव्हर्नरच्या फटक्यांची चौकशी केली नाही. तसले खटले ज्यूरीकडून काढून घेतले. झारने दिलेला न्याय झारला नको असलेला निकाल देऊ लागताच परत घेण्यात आला. दानाची हीच गोम असते. दिलेली वस्तू देणाऱ्याच्या मर्जीवर राहते. तो हक्क नसतो.

१८८१ च्या मार्चमध्ये क्रांतिकारकांनी अलेक्झांडर दुसरे यांना बाँबने मारले. त्याच सकाळी त्यांनी मंत्री लोरिस-मेलिकोव्ह यांच्या योजनेला, म्हणजे निवडलेल्या प्रतिनिधींचा सल्ला घेण्याच्या योजनेला, संमती दिली होती. ती योजना त्यांच्याबरोबर गेली. पुत्र अलेक्झांडर तिसरे यांनी दोन महिन्यांच्या आत निरंकुश सत्ता अढळ राहील असे जाहीर केले, आणि ऑगस्टमध्ये 'तात्पुरते' संरक्षण नियम लागू केले. त्यांनी प्रशासनाला खटल्याशिवाय अटक, हद्दपारी आणि वृत्तपत्रबंदी यांचे अधिकार मिळाले. मुदत तीन वर्षांची होती. ती पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि झारशाही कोसळेपर्यंत, १९१७ पर्यंत, हे नियम कोठे ना कोठे चालूच राहिले. तात्पुरते हे विशेषण राज्यकर्त्यांच्या कोशात किती दीर्घायुषी असते, हे आपण भारतीयांनीही अनुभवले आहे.

१९०६ साली हाच प्रयोग पुन्हा झाला. ड्यूमा भरण्याच्या चारच दिवस आधी नवे मूलभूत कायदे निघाले. त्यांत झारचे 'निरंकुश' हे बिरुद कायम राहिले, आणि ड्यूमा बसलेली नसताना फर्मान काढण्याची वाटही ठेवली गेली. पहिली ड्यूमा अडीच महिन्यांत मोडली. ऑगस्टात पंतप्रधान स्टोलिपिन यांनी त्याच वाटेने लष्करी फिरती न्यायालये आणली. दोन दिवसांत निकाल, पुढच्या एका दिवसात शिक्षेची अंमलबजावणी, आरोपीला वकील नाही. आठ महिन्यांत हजाराच्या आसपास माणसे फासावर वा गोळीने गेली. आणि हेच स्टोलिपिन शेतकऱ्याला जमिनीची मालकी देणाऱ्या मोठ्या सुधारणेचेही कर्ते होते! जून १९०७ मध्ये दुसरी ड्यूमा मोडून निवडणुकीचा कायदाच जमीनदारांच्या सोयीने बदलण्यात आला. सुधारक आणि दडपणारा ही येथे दोन माणसे नव्हती. एकाच दरबारातील ती दोन खाती होती, आणि पुष्कळदा त्यांवर एकच अधिकारी होता.

आता आपल्याकडे पाहू. भारतमंत्री मोर्ले हे उदारमतवादी ग्रंथकार, मिल्लचे अनुयायी. त्यांच्याच कारकीर्दीत १९०७ च्या मे महिन्यात १८१८ च्या जुन्या रेग्युलेशनखाली लाला लजपतराय खटल्याशिवाय मंडालेस गेले. १९०८ च्या जूनमध्ये वृत्तपत्रांचा कायदा झाला. जुलैत नऊपैकी सात युरोपियन सदस्य असलेल्या ज्यूरीने सातास दोन मतांनी टिळकांना दोषी ठरविले. डिसेंबरात राजद्रोही कटाचे खटले ज्यूरीविना तीन न्यायमूर्तींपुढे चालविण्याचा कायदा आला. त्याच डिसेंबरात मोर्ले लॉर्डांच्या सभागृहात आपल्या सुधारणा मांडत होते, आणि त्यांतून हिंदुस्थानात पार्लमेंट निर्माण होणार असेल तर आपणांस त्यांच्याशी कर्तव्य नाही, असेही सांगत होते. १९०९ साली मोर्ले-मिंटो सुधारणा, १९१० च्या फेब्रुवारीत प्रेस ॲक्ट. पुढे १९१९ साली रौलट कायदा आणि माँटेग्यू सुधारणा एकाच वर्षी आल्या. क्रमच ठरून गेला होता.

मोर्ले हे विराट होते. सत्शील, विद्वान, आणि निवाड्याच्या वेळी कागदपत्रे मागणारे. कर्झन परत गेल्यावर दोन वर्षांनी प्रेक्षकांना जे नाटक जाळत होते त्याचे कारण हेच की कीचक बदलला तरी सभा तीच राहिली होती. या दृष्टीने पाहता 'कीचकवधा'ची किल्ली सरकारी अधिकाऱ्यांनी आणि टाळ्या देणाऱ्या प्रेक्षकांनी सारखीच चुकीच्या कुलपाला लावली. 'टाइम्स'चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० मधल्या आपल्या ग्रंथात नाटकाची सविस्तर दखल घेऊन कोण पात्र म्हणजे कोण हे इंग्रज वाचकांना समजावून दिले. त्यांनाही कर्झनच दिसले. मोर्ले दिसले नाहीत.

हे झाले नाटकाचे सामर्थ्य. उणीव त्याच्या शेवटात आहे. कंकभट आणि बल्लव यांच्यातील वाद हा नाटकाचा कणा. खाडिलकर स्वतः टिळकांच्या गोटातले. त्यांचे माप बल्लवाकडे झुकणार हे उघड आहे. तरी कंकभटाला त्यांनी भेकड केलेले नाही. तो दिवस मोजतो आहे, दिलेला शब्द पाळतो आहे, एका क्षणाच्या संतापापायी तेरा वर्षांचे तप बुडू नये म्हणून दात आवळून बसला आहे. त्याच्या संयमाला अर्थ आहे, आणि सैरंध्रीच्या प्रश्नापुढे तो संयम लाजिरवाणाही आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे, आणि त्या ताणात नाटक उंच जाते. मात्र शेवटी भीमाच्या मुठीत उत्तर सापडते, कीचक मरतो, आणि प्रेक्षक मोकळा होऊन घरी जातो.

व्यास मात्र त्याला असा मोकळा सोडत नाहीत. कीचक मेल्यावर महाभारतात उपकीचक येतात, कीचकाचे शंभराहून अधिक भाऊबंद. सैरंध्रीला त्याच्या प्रेताबरोबर जाळण्यासाठी ते तिला बांधून स्मशानात नेतात, आणि विराट भयाने त्याला संमती देतो. भीम त्यांनाही मारतो. तेव्हा विराट काय करतो? सैरंध्रीचा सन्मान नव्हे. तिने आता येथून जावे, असे राणीकरवी कळवितो. ती तेरा दिवसांची मुदत मागते. एवढे सगळे झाल्यावरही विराटाच्या सभेत न्याय आलेला नाही. फक्त भयाचे ठिकाण बदलले आहे.

रशियाने हेच भोगले. १८८१ चा बाँब एका झारला लागला आणि त्याच्या जागी अधिक कठोर झार आला. १९०४ साली गृहमंत्री प्लेव्ह मारले गेले, १९११ साली कीव्हच्या नाट्यगृहात स्टोलिपिन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पण झारशाहीची घडी तीच राहिली. आपल्याकडे २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'च्या प्रयोगासाठी आलेले कलेक्टर जॅक्सन यांना अनंत कान्हेरे यांनी ठार केले. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे हे तिघे तरुण १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्यास फाशी गेले. त्यांच्या त्यागाविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु जॅक्सन गेल्यावर आले ते उपकीचकच: प्रेस ॲक्ट, नाशिकच्या कटाचे ज्यूरीविना खटले, आणि 'कीचकवधा'वरची बंदी. नाटकाने महाभारताचा हा उत्तरार्ध घेतला असता, तर ते कमी टाळ्यांचे पण अधिक खोल झाले असते.

कोणी म्हणेल, १९०७ साली दारे बंद झालेल्या समाजाला भीमाशिवाय कोणता मार्ग उरला होता? हा आक्षेप हलका नाही, आणि संतापाला शिस्तीचे धडे देण्याचा आमचा हेतूही नाही. आमचे म्हणणे वाङ्मयीन आहे. विराटाच्या सभेत राजा आहे, सेनापती आहे, सोशिक आणि पराक्रमी पुरुष आहेत. त्या सभेत एक माणूस नाही: रामशास्त्री. राजाच्या तोंडावर गुन्ह्याला गुन्हा म्हणणारा आणि तसे म्हणण्याचा अधिकार राजाच्या मर्जीतून नव्हे तर धर्मासनातून घेणारा माणूस तेथे नाही.

तो माणूस खाडिलकरांनी १९०९ साली 'भाऊबंदकी'त आणला. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गादीवर आलेल्या राघोबादादांना रामशास्त्री प्रभुण्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पद सोडले. या नाटकात रूपकाची किल्ली लागत नाही. प्रेक्षकाने घरी जाताना कोणा गोऱ्या साहेबाचे नाव घ्यावे अशी त्याची अपेक्षा नाही. रामशास्त्र्यांनी राघोबांना मारले नाही, पदच्युतही केले नाही. त्यांच्या हाती तेवढे बळ नव्हते. पण त्या क्षणापासून राघोबांची सत्ता ही केवळ सत्ता उरली, तिचे राज्यपण गेले. कोनी आणि पीटर्सबर्गच्या त्या ज्यूरीने नेमके हेच केले होते. म्हणून आम्हांला 'भाऊबंदकी' हे 'कीचकवधा'हून अधिक धीट राजकीय नाटक वाटते, जरी सरकारला धास्ती पहिल्याचीच वाटली.

भोपाळात राहणाऱ्या आपणा मराठी घरांना हा विचार परका वाटू नये. १९५६ साली राजधानी येथे आली तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरहून सरकारी नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे आपल्यात बहुसंख्य. त्यांच्यातील अनेकांच्या आधीच्या पिढ्या संस्थानांच्या चाकरीत गेल्या. चांगल्या राजाची आठवण आपल्याकडे प्रेमाने सांगितली जाते, आणि ती सांगावीही. सयाजीरावांनी १९०६ साली बडोद्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले. भोपाळच्या बेगमांनी, विशेषतः सुलतान जहाँ बेगमांनी, मुलींच्या शिक्षणासाठी जे केले ते मोठे होते. पण याच भोपाळात १९४८ साली नवाब हमीदुल्ला खान यांनी प्रजामंडळाचे मंत्री घेऊन मंत्रिमंडळ बनविले, आणि विलीनीकरणाची मागणी उठताच धरपकड सुरू झाली. शंकरदयाल शर्मा यांच्यासारखे कार्यकर्ते तुरुंगात गेले. १९४९ च्या संक्रांतीला नर्मदेच्या बोरास घाटावर तिरंगा घेतलेल्या तरुणांवर गोळ्या चालल्या. १ जून १९४९ रोजी भोपाळ भारत सरकारच्या कारभाराखाली आले. सुधारणा आणि गोळीबार यांच्यात येथेही फारसे अंतर नव्हते.

याला अपवाद दाखवावयाचा तर औंधचा. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेल्या घटनेद्वारे आपली सत्ताच प्रजेच्या हाती दिली. तेथे सुधारणा देणगी म्हणून आली नाही. देणारा हातच बाजूला झाला. अलेक्झांडर, निकोलस, मोर्ले यांना जे जमले नाही ते एका लहान संस्थानिकाने केले.

विराटाच्या घरी पांडव चाकर होते हे आपण सहसा विसरतो. कोणी आचारी, कोणी नृत्यशिक्षक, कोणी राजाशी फासे खेळणारा सभासद. कंकभट हा, आजच्या भाषेत, नोकरीतला सज्जन आहे. त्याचे मौन शहाणपणाचे की सवयीचे, हे त्याचे त्यालाही नेहमी कळत नसावे. आपल्या पिढ्यांनी फाइली निष्ठेने सांभाळल्या. त्या निष्ठेत कंकभटाचा वाटा किती आणि रामशास्त्र्यांचा किती, हा प्रश्न या दोन नाटकांनी आपल्यापुढे टाकला आहे. म्हणून 'कीचकवध' पुन्हा वाचावयाचे झाले तर ते एकटे वाचू नये. त्याच्या लगेच पाठोपाठ 'भाऊबंदकी' वाचावे, आणि कीचकाचे खरे नाव कोणते याचा शोध घेण्याऐवजी त्या सभेत उठून बोलण्याचे काम कोणाचे होते, याचा शोध घ्यावा.